लहान मुलांचा गाण्याचा वर्ग काढताना

संगीत विशारद ही परीक्षा पास झालात आणि कोथरूडला किंवा सिंहगड रस्त्याला घरीच मुलांचा वर्ग काढायचा आहे, तर सगळ्यात आधी पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, ठरवा. सहा ते नऊ वर्षांच्या बहुतेक मुलांना काळी चार किंवा काळी पाच (पेटीच्या सप्तकातला चौथा किंवा पाचवा काळा सूर) सोयीची पडते. पुरुष शिक्षक स्वतःची काळी एक धरून बसले की मुलं तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा-ला, ओरडू लागतात आणि ओरडून गायची सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ लागतो. तानपुरा फोनवर लावणार असाल तर छोटा स्पीकर जोडा. नुसत्या फोनमधून खर्ज, म्हणजे खालचा सा, ऐकूच येत नाही.

एका तुकडीत सहा ते आठ मुलं घ्या. चाळीस मिनिटांचा तास आठवड्यातून दोनदा ठेवा.

पहिला राग भूपच. पाच स्वर, सगळे शुद्ध, आणि म-नी वर्ज्य असल्यामुळे ग-म, नी-सां ही जवळची अंतरं येतच नाहीत. कोवळे गळे घसरतात ते तिथेच. सारेग, रेगप, गपध, पधसां हा अलंकार अर्ध्या मुलांनी म्हणायचा, उरलेल्यांनी सांधप, धपग, पगरे, गरेसा असं उत्तर द्यायचं. मुलांना हा खेळ वाटतो आणि ती आपणहून दहादा म्हणतात.

प्रत्येक तुकडीत एखादं मूल सुरात लागत नाही. बहुतेकदा त्याचा कान चांगला असतो, फक्त आपला गळा नेमका कुठे लागला आहे हे त्याला कळत नसतं. अशा वेळी सा पुन्हा पुन्हा ऐकवून उपयोग होत नाही. त्याला त्याच्या मनाने एक लांब ‘आ’ लावायला सांगा, पेटीवर तो स्वर शोधा आणि तुम्हीही तोच गा. दोन आवाज एकमेकांत मिसळले की मुलाला ते जाणवतं, चेहऱ्यावर दिसतं. मग तिथून एकेक स्वर सरकत सा गाठायचा. रोज तीन-चार मिनिटं पुरतात. पेटीपेक्षा माणसाचा आवाज पकडणं मुलांना सोपं जातं, त्यातही बाईचा किंवा दुसऱ्या मुलाचा. म्हणून पुरुष शिक्षकांनी शेजारी सुरेल मूल बसवावं. ‘तू नुसते ओठ हलव’ हे मात्र कधीही म्हणू नका. ते ऐकलेली माणसं मोठेपणीही गाणं गुणगुणायला लाजतात.

ताल दादऱ्यापासून: सहा मात्रा, पहिलीवर टाळी, चौथीवर खाली. खालीला हाताचा आवाज होत नाही, म्हणून मुलं ती मात्रा गिळतात आणि लय धावते. सहा पावलं चालत ‘धा धी ना, धा ती ना’ म्हणून घेतलं की चौथं पाऊल चुकत नाही.

जूनमध्ये वर्ग सुरू केलात तर सोसायटीच्या गणपतीतल्या कार्यक्रमापर्यंत दहा-बारा आठवडे मिळतात. आधी सगळ्यांनी मिळून, मग दोघादोघांनी आणि ज्याला हवं त्यानेच एकट्याने गायचं, हा क्रम मोडू नका. गाणं सा ते ध एवढ्यातच फिरणारं निवडा. तबलजींबरोबर किमान दोन तालमी हव्यात, माइक तोंडापासून चार बोटांवर. पावसाळी हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडून स्वर उतरतो, तेव्हा मांडवात पोचल्यावर तबला पुन्हा सुरात मिळवून घ्या. सुरू करण्याआधी सगळ्यांनी चार मात्रा सा धरायचा, नाहीतर घाबरलेलं प्रत्येक मूल आपापल्या पट्टीत सुरू होतं. गाताना कुणी चुकलं तर थांबवू नका; नंतर एकच चूक सांगा.

पुण्यात भारत गायन समाज १९११पासून आणि विनायकबुवा पटवर्धनांचं गांधर्व महाविद्यालय १९३२पासून आहे, त्यामुळे पालक पहिल्याच महिन्यात ‘प्रारंभिकला (गाण्याच्या पहिल्या परीक्षेला) कधी बसवणार?’ असं विचारतात. मूल पेटीच्या आधाराशिवाय, नुसत्या तानपुऱ्यावर, भूपाचे आरोह-अवरोह म्हणू लागलं की फॉर्म भरा, असं पालकांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.