श्रावणात दारू एकदम बंद करताय? पहिले चार दिवस कसे सांभाळायचे

आपल्याकडे गोव्यात श्रावण लागला की मासळी बंद, बाटली पण बंद, बऱ्याच घरांत ते थेट चवथ म्हणजे गणेश चतुर्थी होईपर्यंत. शनिवारी दोन पेग घेणाऱ्याला याने काही होत नाही. पण जो रोज भरपूर घेतो, सकाळी हात थरथरतात म्हणून चहाच्या आधी थोडी घेतो, त्याने एका रात्रीत बंद केली तर जिवावर बेतू शकतं आणि हे घरच्यांना कुणी नीट सांगतच नाही म्हणून लिहितेय. दारू सुटायलाच हवी, त्यात वाद नाही, पण अशा माणसाने डॉक्टरला सांगूनच सोडायची.

आधी किती पितो ते खरं खरं मोजा. ३० मिलीच्या एका स्मॉल पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, फेणीचं पण जवळपास तेवढंच. म्हणजे १८० ची क्वार्टर झाली ६ पेग, आणि "मी फक्त बियर घेतो" म्हणणाऱ्याची ६५० मिलीची एक स्ट्रॉंग बाटली जवळजवळ ४ पेग. हुर्राक, म्हणजे काजूची पहिली हलकी दारू, सौम्य म्हणतात, पण ती पाण्यासारखी लिंबू-सोडा घालून दिवसभर चालते, तिचाही हिशोब धरा.

होतं काय, तर दारू मेंदूला रोज दाबून ठेवते आणि मेंदू तोल राखायला उलट जोर लावत बसतो. दारू अचानक गेली की तो जोर तसाच राहतो. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ८ तासांत हात कापतात, घाम, धडधड, मळमळ, झोप नाही. फिट आली तर बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत येते. आणि खरा धोका दुसऱ्या ते चौथ्या दिवशी: ताप, प्रचंड घाम, दिवस-रात्र कळत नाही, भिंतीवर मुंग्या चालताना दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. गावात लोकांना वाटतं बाधा झाली, देवचार लागला. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, पण आधी १०८ ला फोन करा.

ज्याला पूर्वी दारू सोडताना फिट किंवा भ्रम झालाय, लिव्हर खराब आहे, वय झालंय किंवा घरात बघायला कुणी नाही, त्याने घरी सोडायची नाहीच, ॲडमिट व्हायचं. बांबोळीला जीएमसी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज आहे आणि मानसोपचाराचं आयपीएचबी पण तिथेच, "वेड्यांचं हॉस्पिटल" म्हणून लाजू नका, व्यसनाचे उपचार तिथे रोज होतात. म्हापशाच्या लोकांना जिल्हा हॉस्पिटल (आझिलो) जवळ. बाकीच्यांना डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या देतात आणि काही दिवसांत डोस कमी करत आणतात. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, त्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावतो. आणि डॉक्टरपर्यंत पोचायला एखाद-दोन दिवस लागणार असतील तर तोपर्यंत जबरदस्तीने पूर्ण बंद करू नका, बाटली लपवून कोंडून तर अजिबात नाही.

अजून एक, बी-वन म्हणजे थायामिन. रोज पिणाऱ्याचं जेवण कमी असतं आणि दारूमुळे हे शरीरात नीट शोषलंही जात नाही. कमी पडलं की नजर हलते, चाल लडखडते, माणूस गोंधळतो आणि वेळेवर नाही मिळालं तर आठवण कायमची जाऊ शकते. "अशक्तपणा आलाय, ग्लुकोज चढवा" म्हणून दवाखान्यात नेता ना, तेव्हा हा रोज पितो हे आधी सांगा म्हणजे थायामिनचं इंजेक्शन पण देतील.

फिट आली तर कुशीवर वळवा, आसपासच्या टोकाच्या वस्तू बाजूला करा, तोंडात चमचा नाही, हातात चावी नाही, कांदा हुंगवणं नाही. तोंडात पाणी पण घालू नका. घड्याळ बघा आणि १०८ लावा.

स्कूटरवरून पडून पाय मोडला किंवा हर्नियाचं ऑपरेशन आहे म्हणून ॲडमिट झालेल्याची दारूही आपोआप बंदच होते! मग तिसऱ्या रात्री तो सलाइन उपटतो, नर्सवर धावतो, घरच्यांना कळत नाही काय झालं. ॲडमिट करतानाच डॉक्टरला बाजूला घेऊन सांगा, रोज किती, शेवटची कधी घेतली. इथे अब्रूचा विचार करू नका.

"न सांगता चहात घाला" वाल्या पावडरी मात्र कृपा करून आणू नका. काहींत डायसल्फिराम असू शकतं, त्यावर तो प्यायला की बीपी कोसळतं, हार्टचा त्रास असेल तर मृत्यूही होऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने.

डोळे पिवळे, पोट फुगलेलं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी दिसली तर श्रावण संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि अंग दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल मनानेच घेत राहू नका, लिव्हरवर भार पडतो.

चार दिवस निघाले म्हणजे सुटली असं नाही, ओढ महिनोन् महिने राहते. त्यासाठी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आहेत, एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा आहेत, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे. संगथ संस्थेने आपल्या गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत बघितलं की डॉक्टर नसलेल्या, पण नीट ट्रेनिंग घेतलेल्या माणसांनी काही बैठकांत केलेल्या समुपदेशनानेही जास्त पिणाऱ्यांना फायदा होतो, २०१७ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

पहिल्या भेटीतच लिव्हरची टेस्ट करून घ्या आणि चवथीनंतर परत करा. चार-पाच आठवडे खरंच थेंब घेतला नसेल तर जीजीटीचा (लिव्हरच्या टेस्टमधला, दारूने वाढणारा) आकडा बहुतेक वेळा उतरलेला दिसतो, नुसती चरबी साठली असेल तर तीही कमी व्हायला लागलेली असते. दोन्ही रिपोर्ट त्याच्याच हातात द्या.