सणावाराला पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायचीय? मग आधी हे बघा

श्रावण लागला की मेडिकलच्या काउंटरवर हा सीन ठरलेला. बाई येते, दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर उगाच बामच्या बाटल्या बघत उभी राहते आणि ते गेलं की हळूच विचारते, "दादा, ती पुढे ढकलायची गोळी आहे का?" दादा पण काही न विचारता स्ट्रिप कागदात गुंडाळून देतो आणि विषय संपतो. पाळी आली म्हणून देवाला चालत नाही हे मला स्वतःला अजिबात पटत नाही, पण गौरी दारात आल्यावर सासूबाईंशी वाद कोण घालणार, आणि लग्न, ट्रेक, परीक्षा असल्या आपल्याच सोयीसाठी पण गोळी घेतलीच जाते की. तर घ्यायची असेल तर नीट घ्या.

ही गोळी म्हणजे बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅमची. प्रायमोल्युट-एन, रेजेस्ट्रोन अशा नावांनी मिळते. पाळीच्या चक्राच्या शेवटी शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन खाली येतं आणि त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर सुटून पाळी येते, ही गोळी तसंच काम करणारं हार्मोन बाहेरून देत राहते म्हणून अस्तर जागेवर टिकतं, बंद केली की पाळी येते.

पहिलं काम, डॉक्टरला गाठा, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नाही तर पंधरा-वीस दिवस आधी. यात नुसतं चिठ्ठीपुरतं काम नसतं. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, आईला-बहिणीला झाली असेल, लकवा किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल, लिव्हरचा त्रास असेल, स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, अर्धशिशीत डोळ्यापुढे चमकतं असेल, किंवा मधेच कारण न कळता रक्त जात असेल तर हे सगळं सांगायचं, यातल्या बऱ्याच जणींना ही गोळी देतच नाहीत. वजन खूप जास्त असेल, सिगारेट ओढत असाल, बीपी-शुगर असेल, बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगा. या गोळीचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे रक्ताची गुठळी व्हायची शक्यता वाढवणाऱ्या हार्मोनमध्ये, बदलतो म्हणून गुठळीचा प्रश्न येतो, साधी गोळी आहे असं काउंटरवर कितीही सांगितलं तरी. आणि टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन असली औषधं चालू असतील तर हिचा असर कमी होतो, म्हणजे गोळ्या खाऊन पण ऐन पूजेच्या दिवशी पाळी हजर.

प्रेग्नंट असायची शंका असेल तर आधी किटवर टेस्ट करा, मगच गोळी.

आता तारखेचं गणित, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नेहमीचा डोस म्हणजे एक गोळी दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून. समजा तुमची डेट 14 ला आहे आणि हळद 15 ला, लग्न 16 ला, तर 11 ला सकाळी सुरू करायची, सकाळ-दुपार-रात्र साधारण आठ-आठ तासांनी, आणि 16 ला रात्री शेवटची घेतली की 18-19 च्या आसपास पाळी येईल. म्हणजे 18 ला देवदर्शनाला जेजुरीला जायचं ठरलं असेल तर ते पण आधीच धरा ना, बायका लग्न धरतात आणि जेजुरी विसरतात! पाळी सुरू झाल्यावर ही गोळी घेऊन ती मागे जात नाही. ज्यांची पाळी मुळातच अनियमित, पीसीओडी वगैरे, त्यांचं हे गणित बसतच नाही, त्यांनी डॉक्टरलाच तारीख ठरवू द्यावी. दहा-चौदा दिवसांच्या पुढे स्वतःच्या मनाने लांबवू नका.

मळमळ झाली तर जेवणानंतर घ्या. एखादी चुकली तर आठवल्यावर लगेच घ्यायची पण पुढच्या वेळेला दोन एकदम नाही. पोट फुगल्यासारखं वाटणं, स्तन दुखरे होणं, चिडचिड, थोडं स्पॉटिंग हे होऊ शकतं. पण एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, छातीत दुखलं, अचानक जोरात डोकं ठणकलं, दिसायला अंधुक झालं किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी बंद आणि लगेच हॉस्पिटल, पाहुणे घरात आहेत म्हणून थांबायचं नाही. लांबचा एसटीचा नाहीतर विमानाचा प्रवास असेल तर मधे मधे उठून पाय मोकळे करा.

एक गैरसमज फार आहे, गोळी चालू आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत. अशा चार-सहा दिवसांच्या डोसवर तसं धरून चालू नका, कंडोम वापरा, आणि गोळी थांबवून आठवडा झाला तरी पाळी नाही आली तर टेस्ट करा. आय-पिल म्हणजे वेगळीच गोळी, ती संबंधानंतर तातडीने घ्यायची, तिने पाळी पुढे ढकलत नाहीत. ज्यांची माला-एन किंवा माला-डी ही गर्भनिरोधक गोळी आधीच रोज चालू आहे त्यांना वेगळी गोळी लागतच नाही बहुधा, 28 च्या पाकिटातल्या शेवटच्या 7 लोहाच्या गोळ्या सोडून सरळ पुढचं पाकीट चालू केलं की पाळी लांबते, फक्त डॉक्टरला किंवा नर्सला आधी विचारून.

उरलेली स्ट्रिप डब्यात राहते आणि मग जावेला अंगावरून जास्त जातंय म्हटल्यावर तीच काढून दिली जाते. रक्त थांबवायला डॉक्टर हेच औषध देतात हे खरं, पण गर्भ आहे का, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयात गाठ आहे का, थायरॉइड आहे का हे बघून. तासाभरात पॅड भरतंय, मोठ्या गाठी पडतायत, चक्कर येतेय तर तिला घेऊन दवाखान्यात जा, हिमोग्लोबिन तपासा. आणि पाळी जाऊन वर्ष झालेल्या काकूंना परत थोडं जरी डाग दिसले तरी कुठलीच गोळी न देता आधी सोनोग्राफी.