परदेशात कुटुंबासाठी स्वस्त हॉटेल घेताय? या चुका टाळा

हॉटेल बुकिंगची कुठलीही साइट उघडा. प्रवाशांच्या रकान्यात बहुतेक वेळा आधीच भरलेलं असतं: २ प्रौढ, ० मुलं, १ खोली. घाईत आपण शहर टाकतो, तारखा टाकतो आणि तो रकाना तसाच सोडतो. मग समोर जे दर येतात ते आपल्या कुटुंबाचे नसतातच, ते एका जोडप्याचे असतात. परदेशातल्या स्वस्त हॉटेलांत कुटुंबांची जी ओढाताण होते, तिची सुरुवात बऱ्याचदा या रकान्यातून होते. दोघांसाठीची खोली शोधायची आणि तिच्यात चौघांना बसवायचं, ही मूळ चूक. पुढच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटातल्या आहेत.

मुलांचा आकडा न टाकणं

"मुलं लहान आहेत, आमच्याजवळच झोपतील, सांगायची काय गरज?" हे वाक्य मी कितीतरी जणांकडून ऐकलं आहे. गरज आहे. आगीच्या सुरक्षेचे नियम पाळताना एका खोलीत किती माणसं राहू शकतात याची मर्यादा हॉटेलाला ठेवावी लागते, आणि त्या मोजणीत बहुतेक ठिकाणी मूलही माणूसच असतं. युरोपातली छोटी हॉटेलं याबाबत फारशी सवलत देत नाहीत. रात्री नऊ वाजता काउंटरवर चार पासपोर्ट ठेवलेत आणि बुकिंग दोघांचं निघालं, तर दुसरी खोली त्या दिवसाच्या दराने घ्यावी लागते. तो दर तुम्ही महिन्यांपूर्वी पाहिलेला नसतो. हॉटेल भरलेलं असेल तर ती खोलीही मिळत नाही.

मुलांची वयंसुद्धा खरी टाका, आणि प्रवासाच्या दिवशी जे वय असेल ते टाका. वयाची रेषा प्रत्येक हॉटेलची वेगळी असते. कुठे सहाव्या वर्षापर्यंत पलंग वाटून घेतला तर पैसे नाहीत, कुठे बाराव्या वर्षापर्यंत, तर कुठे दुसऱ्या वर्षानंतर लगेच जादा पलंगाचे पैसे. "मुले मोफत" याचा अर्थही पुष्कळदा "आहे त्याच पलंगावर मोफत" एवढाच असतो. तान्ह्या बाळासाठी पाळणा हवा असेल तर तो बुकिंगमध्ये नुसता 'विनंती' म्हणून नोंदवला जातो. विनंती म्हणजे होकार नव्हे. हॉटेलला मेसेज करून लेखी उत्तर घ्या.

खरा आकडा टाकला की यादी लहान होते आणि दर वाढलेले दिसतात. त्याने खट्टू होऊ नका. पाहायची यादी तीच आहे.

खोलीचं नाव वाचणं, पलंग न मोजणं

'डबल' म्हणजे दोघांसाठी एक पलंग, 'ट्विन' म्हणजे दोन सुटे पलंग, 'ट्रिपल' आणि 'क्वाड' म्हणजे तिघांची आणि चौघांची खोली. 'फॅमिली रूम' या शब्दाला मात्र ठरावीक अर्थ नाही. कुठे त्यात बंक बेड असतो, कुठे सोफा-कम-बेड, तर कुठे नुसती थोडी मोठी खोली. म्हणून नाव सोडा, 'पलंग किती आणि केवढे' ती ओळ वाचा आणि खोलीचं क्षेत्रफळ पाहा.

देशागणिक फरकही मोठा आहे. अमेरिकेतल्या साध्या मोटेलात दोन मोठे पलंग असलेली खोली सर्रास मिळते, चौघांचं कुटुंब त्यात आरामात मावतं. ब्रिटनमध्ये प्रीमियर इनसारख्या साखळीत दोन मोठी माणसं आणि दोन मुलांसाठीच्या खोल्या ठरलेल्या असतात. जपानमध्ये याच्या अगदी उलट. तिथल्या बिझनेस हॉटेलांतल्या खोल्या स्वच्छ, पण १२ ते १५ चौरस मीटरच्या. 'सेमी-डबल' म्हटलेला पलंग साधारण १२० सेंटिमीटर रुंद. अशा खोलीत दोन मोठी माणसं आणि चार बॅगा आल्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. शिवाय तिथे दर अनेकदा खोलीचा नसून माणशी असतो.

दोन खोल्या घेणार असाल तर 'कनेक्टिंग' आणि 'ॲडजॉइनिंग' यांतला फरक लक्षात ठेवा. कनेक्टिंगमध्ये दोन खोल्यांच्या मधे दार असतं. ॲडजॉइनिंग म्हणजे नुसत्या शेजारी. सहा वर्षांच्या मुलाला रात्री आई-बाबांकडे यायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे. बंक बेडचंही तसंच: वरचा पलंग सहा वर्षांखालच्या मुलाला देऊ नये.

दिसला तो दर शेवटचा समजणं

पर्यटक कर हा इथला सगळ्यांत नेहमीचा धक्का. तो बऱ्याचदा ऑनलाइन दरात नसतो, हॉटेलात भरायचा असतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची मोजणी वेगळी. रोममध्ये तो दरडोई, दर रात्रीचा असतो आणि हॉटेलच्या ताऱ्यांनुसार बदलतो. २०२३च्या वाढीनंतर तीन तारांकित हॉटेलात तो माणशी ६ युरो झाला. म्हणजे दोन मोठ्या माणसांचे चार रात्रींचे ४८ युरो. १० वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे. ॲम्स्टरडॅममध्ये २०२४पासून तो खोलीच्या दराच्या १२.५ टक्के आहे. मलेशियात परदेशी पाहुण्यांना दर खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पडतात. दुबईतही कर खोलीवर लागतो, हॉटेलच्या दर्जानुसार ७ ते २० दिरहम. कर माणशी असेल तर मोठं कुटुंब जास्त भरतं. खोलीवर असेल तर एका खोलीत राहणाऱ्यांचा फायदा. तुलना करताना हे कागदावर मांडून बघा.

अमेरिकेत 'रिसॉर्ट फी' नावाचा जादा आकार खूप काळ शेवटच्या पानावर उगवत असे. मे २०२५पासून तिथल्या नियमाने एकूण दर सुरुवातीलाच दाखवणं बंधनकारक झालं आहे. तरी पार्किंगसारख्या ऐच्छिक गोष्टी वेगळ्या असू शकतात, तेव्हा गाडी घेऊन जाणार असाल तर विचारा.

आणि काउंटरवर कार्ड यंत्राने "तुमच्या देशाच्या चलनात भरायचं की इथल्या?" असं विचारलं, तर नेहमी इथल्या, म्हणजे स्थानिक चलनात. आपल्या चलनात भरणं सोयीचं वाटतं, पण तो विनिमय दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

नकाशावरचं अंतर मोजणं, पावलं न मोजणं

ही चूक मी स्वतः केली आहे. पॅरिसमध्ये आईला आणि दोन मुलांना घेऊन गेलो होतो. हॉटेल स्वस्त, मेट्रो स्टेशन चार मिनिटांवर, रिव्ह्यू उत्तम. पाहायचं राहिलं एवढंच, की जुन्या इमारतीत लिफ्ट नव्हती आणि आमची खोली 'चौथ्या' मजल्यावर होती. युरोपात बहुतेक ठिकाणी तळमजल्याला शून्य धरतात, म्हणजे चार जिने पूर्ण चढायचे. स्टेशनातही पायऱ्याच. पॅरिस मेट्रोत सगळ्या स्थानकांवर लिफ्ट असलेली मार्गिका एकच, १४ क्रमांकाची. आईचे गुडघे आधीच दुखरे होते. तिने तक्रारीचा शब्द काढला नाही, पण तिसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी बाहेर पडायला नको म्हणू लागली. जे पैसे वाचवले, त्यांच्या बदल्यात तिच्या तीन संध्याकाळी गेल्या. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून मी साइटच्या सोयींच्या यादीत 'लिफ्ट' हा शब्द शोधतो, आणि नाही सापडला तर विचारतो. लंडनच्या भुयारी रेल्वेतही पायऱ्यांविना फलाटापर्यंत जाता येईल अशी स्थानकं सुमारे एक तृतीयांशच आहेत. बाबागाडी किंवा वयस्क माणूस सोबत असेल तर हॉटेलजवळचं स्थानक त्यांतलं आहे का, हे बघून घ्या. लिस्बनसारख्या चढउताराच्या शहरात नकाशावरचे ५०० मीटर म्हणजे सरळ चढण असू शकते. गुगल मॅप्सवर रस्त्याचा फोटो उघडून हॉटेलच्या दारापासून स्टेशनपर्यंत एकदा 'चालून' या. रस्ता कसा आहे, दुकानं आहेत का, संध्याकाळी वर्दळ असेल का, सगळं पाच मिनिटांत कळतं.

स्टेशनजवळचं हॉटेल सोयीचं, पण प्रत्येक स्टेशनचा परिसर कुटुंबाला मानवेल असं नाही. फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनासमोरचा भाग अमली पदार्थ आणि रेड लाइटसाठी ओळखला जातो, सिंगापूरमधल्या गेलांगच्या काही गल्ल्याही तशाच. तिथली हॉटेलं स्वस्त दिसतात त्याचं हे एक कारण. दिवसा तिथे काही होत नसेलही. पण रात्री मुलांना घेऊन चालत यायचं आहे, हे धरून ठरवा.

'विमानतळाजवळ' या शब्दांनाही फसू नका. पॅरिसचं नाव लावणारा बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटर दूर आहे. मुळात विमानतळाजवळचं हॉटेल उशिरा उतरल्यावर किंवा पहाटे निघताना एका रात्रीपुरतं ठीक. पूर्ण सहलीसाठी घेतलंत तर वाचलेले पैसे रोजच्या तिकिटांत जातात, चौघांच्या.

अपार्टमेंटचा कायदा न पाहणं

कुटुंबाला अपार्टमेंट खरोखर सोयीचं: स्वयंपाकघर, कपडे धुण्याचं यंत्र, दोन खोल्या. पण बऱ्याच शहरांनी यावर कडक नियम आणले आहेत. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३पासून ३० दिवसांहून कमी मुदतीसाठी घर देताना घरमालकाने तिथे राहणं आवश्यक आहे आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला तिथे 'पूर्ण फ्लॅट आठवड्यासाठी' अशी जाहिरात दिसली तर तिच्यापासून लांब राहा. सिंगापूरमध्ये खासगी घर तीन महिन्यांहून कमी काळासाठी देताच येत नाही. जपानमध्ये २०१८च्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. बार्सिलोनाने पर्यटक फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवण्याचं जाहीर केलं आहे. जिथे परवाना लागतो तिथे त्याचा क्रमांक जाहिरातीत असतो; नसेल तर विचारा. बेकायदा फ्लॅटचं बुकिंग ऐनवेळी रद्द झालं तर मुलांसकट नवी जागा तुम्हालाच शोधावी लागते.

रिव्ह्यूचा नुसता आकडा बघणं

८.७ की ८.४, यात काही नाही. रिव्ह्यू 'नवे आधी' असे लावा आणि 'कुटुंब' हा फिल्टर लावा. एकट्या प्रवाशाला न जाणवलेली गोष्ट, म्हणजे पातळ भिंती, खालचा बार, गरम पाणी दोन अंघोळींत संपणं, कुटुंबांच्या रिव्ह्यूत सापडते. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या महिन्यांत दिसली तर ती खरी धरा. हॉटेलने लावलेल्या फोटोंपेक्षा पाहुण्यांचे फोटो पाहा. ताऱ्यांवर विसंबू नका: प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळी आणि तारे मुख्यतः सोयी मोजतात, गादीची अवस्था नव्हे. उत्तर युरोपात उन्हाळ्यात जात असाल तर एसी आहे का हेही बघा, कारण जुन्या स्वस्त हॉटेलांत तो बऱ्याचदा नसतो.

घाईत नॉन-रिफंडेबल घेणं

मूल कधी आजारी पडेल सांगता येत नाही. व्हिसा लागत असेल तर त्याची तारीखही हातात नसते, आणि शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) राहण्याच्या जागेचा पुरावा आधीच द्यावा लागतो. थोडे जास्त पैसे देऊन मोफत रद्द होणारं बुकिंग घ्या. रद्द करण्याची शेवटची वेळ साधारणपणे हॉटेलच्या शहराच्या घड्याळानुसार असते, तेव्हा ती आपल्या वेळेत मांडून फोनमध्ये गजर लावून ठेवा.

छोट्या हॉटेलात रिसेप्शन चोवीस तास उघडं नसतं. विमान रात्री उशिरा उतरत असेल तर आधी कळवा, नाहीतर तुम्ही आलाच नाहीत असं धरून अख्खं बुकिंग रद्द होऊ शकतं. पहाटे उतरणार असाल तर खोली दुपारी दोन-तीनपर्यंत मिळत नाही. सोबत तान्हं मूल असेल तर मी सरळ आदल्या रात्रीचेही पैसे भरतो आणि 'पहाटे सहाला येतोय' असं लिहून कळवतो.

एवढं करूनही बिघडलं तर

*खोली बुकिंगप्रमाणे नाही:* सामान उघडण्याआधी फोटो काढा, बुकिंगची प्रिंट दाखवा आणि तिथेच उभं राहून साइटच्या मदत क्रमांकावर फोन लावा. एक रात्र राहून मग तक्रार केली तर बाजू लंगडी पडते.

*हॉटेल भरलंय म्हणून खोलीच नाकारली:* अशा वेळी त्याच दर्जाच्या दुसऱ्या हॉटेलात सोय करून देणं आणि तिथवर नेण्याचा खर्च उचलणं, हा या व्यवसायातला प्रघात आहे. तो ठामपणे मागा. रद्द करण्याचं बटण मात्र स्वतः दाबू नका. दाबलंत तर बुकिंग तुम्ही रद्द केलं असं नोंदलं जातं.

*"कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर बुकिंग रद्द" असा मेसेज आला:* त्यात तुमचं नाव, तारखा सगळं बरोबर असलं तरी लिंक उघडू नका. हॉटेलांच्या खात्यात शिरून भामटे असे मेसेज पाठवतात. हॉटेलचा फोन नंबर स्वतः शोधून विचारा.

*गादीत ढेकूण:* खोलीत शिरल्यावर बॅगा आधी बाथरूममध्ये ठेवा आणि गादीच्या कडेची शिवण उचलून बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर दुसरी खोली मागा, आणि ती शेजारची, वरची किंवा खालची नको म्हणा. शंका असेल तर घरी पोचल्यावर कपडे ६० अंशाच्या पाण्यात धुवा.

*डिपॉझिट परत येत नाही:* डिपॉझिटसाठी शक्यतो क्रेडिट कार्ड द्या. त्यावर रक्कम फक्त रोखून धरली जाते. डेबिट कार्डावर तुमचे स्वतःचेच पैसे अडकतात आणि सुटायला कधी दोन-तीन आठवडे लागतात. निघताना खोलीचा एक छोटा व्हिडिओ करा, आणि 'काही बाकी नाही' असं लिहिलेलं अंतिम बिल ईमेलवर मागवून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.