ड्यूटीतच मनन
नंदुरबार-धुळ्याकडच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या ख्रिस्ती परिचारिकांनी मननासाठी वेगळा वेळ मिळण्याची वाट न पाहता, साबणाने हात धुण्याच्या 40 ते 60 सेकंदांत पुढच्या रुग्णासाठी मनातल्या मनात प्रार्थना करावी. ड्यूटी संपल्यावर दिवसातला एकच प्रसंग निवडून त्याच्याशी जुळणारा बायबलमधला उतारा वाचावा: मधुमेही रुग्णाच्या पायाचे ड्रेसिंग केले असेल तर योहान 13 मधील पाय धुण्याचा प्रसंग, आणि अपघातग्रस्ताला सांभाळले असेल तर लूक 10:34, जिथे शोमरोनी माणूस जखमा बांधून थांबत नाही, तर जखमीला उतारशाळेत नेऊन त्याची काळजी घेतो. सुचलेले वहीत लिहिताना रुग्णाचे नाव किंवा खाट क्रमांक टाळावा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वेदनेने कळवळणाऱ्याला मात्र प्रार्थनेच्या आधी डॉक्टरांनी लिहून दिलेले वेदनाशामक वेळेवर द्यावे.