दारू सुटल्यानंतरची तलफ कशी हाताळावी

ज्यांची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबली आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू बंद करू नये. फिट येणे किंवा भ्रम होणे जिवावर बेतू शकते.

आधी तलफ जागवणाऱ्या खुणांची यादी करावी. 'मित्र, टेन्शन' असे मोघम लिहून भागत नाही. सोड्याची बाटली उघडल्याचा फस्स आवाज, कांदा-लिंबू पिळलेले शेंगदाणे, पगार जमा झाल्याचा मेसेज, स्टेशनवरून घरी येतानाचे परमिट रूमचे वळण, इतक्या बारकाईने लिहावे. घरातल्या बाटल्या आणि ग्लास त्याच दिवशी काढून टाकावेत.

खरी कसोटी खूण समोर आल्यावर लागते. मी स्वतः या व्यसनातून बाहेर आलो, आता समुपदेशन करतो, आणि 'मनावर ताबा ठेव' हा सल्ला मला आता ऐकवत नाही. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत मेंदूतल्या डोपामिन पेशी (डोपामिन हे बक्षिसाशी निगडित रसायन सोडणाऱ्या पेशी) सुरुवातीला फळांचा रस मिळाल्यावर उद्दीपित होत. रसापूर्वी मिळणारा संकेत ओळखीचा झाल्यावर मात्र त्या संकेतालाच प्रतिसाद देऊ लागत. दारूवर अवलंबून असलेल्या माणसाचा मेंदूही असाच शिकलेला असतो. दारूची नुसती चित्रे दाखवली तरी मेंदूच्या आत खोलवर असलेल्या, बक्षिसाशी निगडित भागात हालचाल वाढलेली एमआरआयमध्ये अनेकदा दिसते. म्हणजे विचार करायला बसेपर्यंत तोंडाला पाणी सुटलेले आणि छाती धडधडू लागलेली असते. याला निश्चयाचा कच्चेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून तलफेशी वाद घालू नये. 'एकच पेग' या मुद्द्यावर चर्चा सुरू झाली की ती बहुधा दारूच जिंकते. आधी ती जागा सोडावी, मग विश्वासातल्या माणसाला फोन करून 'मला तलफ आली आहे' एवढेच सांगावे, आणि पोट रिकामे असेल तर जेवावे. तलफ चढते, शिगेला पोहोचते आणि न पिताही ओसरते. तोवर ती शरीरात कुठे जाणवते याकडे लक्ष द्यावे. घरच्यांनी अशा वेळी उलटतपासणी घेऊ नये.

निश्चय तपासण्यासाठी मित्रांच्या बैठकीत थंड पेय घेऊन बसण्याला माझा ठाम विरोध आहे. खुणेची सवय मोडता येते, परंतु त्यामुळे जुने शिक्षण पुसले जात नाही, त्यावर नवे चढते, आणि हे नवे शिक्षण बरेचसे जागेशी बांधलेले असते. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर शांत राहिलेला माणूस गावच्या जत्रेत किंवा जुन्या नाक्यावर अस्वस्थ होतो तो यामुळेच. टाळता न येणाऱ्या प्रत्येक जागेचा सराव वेगळा करावा: दिवसा, जेवून, खिशात मोजके पैसे ठेवून आणि न पिणारे माणूस सोबत घेऊन.

तलफ वारंवार अनावर होत असेल तर नाल्ट्रेक्झोन या तलफ कमी करणाऱ्या औषधाबद्दल मनोविकारतज्ज्ञांना विचारावे. अमेरिकेत या औषधाला दारूच्या व्यसनासाठी १९९४ मध्ये मान्यता मिळाली. ते सर्वांना सारखे लागू पडत नाही. यकृताचा आजार असेल किंवा अफूजन्य वेदनाशामके चालू असतील, तर आधी सांगावे.

मध्येच पिणे झालेच, तर त्याच्या आधीच्या तासाभरात काय दिसले, कोण भेटले, काय ऐकू आले ते दुसऱ्या दिवशी यादीत लिहावे आणि ती यादी घेऊन समुपदेशकाकडे जावे.