प्रेअरीतल्या चेक गावांचा कोलाच गोव्याच्या हवेत कसा करावा

अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या गवताळ प्रदेशात, म्हणजे प्रेअरीत, बोहेमिया आणि मोराविया या चेक प्रांतांतून आलेल्या शेतकऱ्यांनी वसवलेली अनेक लहान गावे आहेत. साउथ डकोटातले टेबर १८७२ मधले, तर ओक्लाहोमातले प्राग १९०२ मधले. त्यांतल्या बहुतेक गावांत आज चेक भाषा बोलणारी माणसे फारशी उरलेली नाहीत. टिकले आहे ते मुख्यतः नाचगाणे आणि कोलाच. कोलाच म्हणजे लोणी आणि अंडी घालून मळलेला, तळहाताएवढा गोड पाव, ज्याच्या मधल्या खळग्यात खसखस, सुका आलुबुखार, जर्दाळू किंवा गोड केलेले पनीर भरलेले असते. ओक्लाहोमातल्या या प्रागमध्ये मे महिन्यात कोलाचच्याच नावाने उत्सव भरतो, नेब्रास्कातले वर्डिग्री गाव स्वतःला कोलाचची जागतिक राजधानी म्हणवते, आणि त्याच राज्यातल्या विल्बरला १९६२ पासून ऑगस्टमध्ये होणाऱ्या चेक उत्सवातही कोलाचला मानाचे स्थान असते.

या पदार्थाची घडण समजून घेतली की कृती अर्धी सोपी होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने नेब्रास्का आणि डकोटाच्या भागात कुटुंबाला १६० एकर जमीन मिळे, मात्र तिथे पाच वर्षे राहून ती कसावी लागे. अशा शेतावर गहू, दूध, लोणी आणि अंडी घरचीच असत. बाजार दूर असल्यामुळे सारणासाठी वाळवून ठेवता येणारी फळे आणि खसखस सोयीची पडे. त्यामुळे कोलाचमध्ये ताज्या फळांचे पातळ सारण सहसा शोभत नाही. आंब्याचा रस किंवा ताजा अननस भरण्याचा मोह गोव्यात अनेकांना होतो. तो आवरावा, कारण रस सुटून पावाचा तळ चिकट आणि कच्चा राहतो.

साधारण वीस कोलाचांसाठी ५०० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम साखर, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १०० ग्रॅम लोणी, दोन अंड्यांचे पिवळे बलक, एक लहान चमचा मीठ, एका लिंबाची किसलेली साल आणि २०० मिलिलिटर दूध घ्यावे. आणखी २५ मिलिलिटर दूध हाताशी ठेवावे, पण ते लागेलच असे धरून चालू नये. तिकडचा पाव कडक गव्हाच्या पिठाचा असतो, त्यात प्रथिने जास्त असल्यामुळे ते पीठ दूध अधिक पिते. आपला मैदा त्या मानाने हलका, शिवाय पावसाळ्यात डब्यातला मैदा आधीच दमट झालेला असतो, म्हणून तिकडच्या कृतीतले दुधाचे माप जसेच्या तसे उचलले तर गोळा हाताला चिकटतो आणि मग वरून मैदा घालत बसावे लागते, ज्याने पाव घट्ट होतो. लोणी खारे असेल तर मीठ निम्मे करावे. अंडे चालत नसेल तर बलकांऐवजी दोन मोठे चमचे घट्ट साय घालावी. रंग थोडा फिका येतो, चव चांगलीच लागते.

मळण्याच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. थंड प्रदेशातल्या कृतींत दूध कोमट करा, भांडे उबेत ठेवा, दोन तास वाट पाहा, असे लिहिलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत फोंड्याच्या किंवा डिचोलीच्या स्वयंपाकघरात यांपैकी काहीही करू नये. दूध फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेले, थंडसर असावे. कोमट दुधाने लोणी वितळते, गोळा तेलकट होतो आणि यीस्टचा आंबूस वास येतो. आधी लोणी वगळून सगळे एकत्र करून दहा मिनिटे मळावे, नंतर मऊ लोणी थोडे थोडे घालत आणखी आठ-दहा मिनिटे मळावे. गोळ्याचा तुकडा दोन्ही हातांच्या बोटांनी हलके ताणला असता न फाटता पातळ पडद्यासारखा झाला की मळणे पुरे. उन्हाळ्यात पाऊण तासात गोळा दुप्पट होतो, म्हणून घड्याळापेक्षा गोळ्याकडे लक्ष द्यावे. सकाळी ताजे कोलाच हवे असतील तर रात्री झाकलेले भांडे फ्रिजमध्ये ठेवणे हा माझ्या मते गोव्यातला सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. थंड गोळा हाताळायलाही सोपा जातो.

पीठ फुगेपर्यंत सारण करून पूर्ण गार होऊ द्यावे. चेक लोक निळसर-करड्या रंगाची खसखस वापरतात. आपली पांढरी खसखस चवीला सौम्य असली तरी चालते. रश्श्यासाठी आपण ती भिजवून वाटतो, तशी इथे वाटू नये. १५० ग्रॅम खसखस मंद आचेवर रंग न बदलता कोरडी भाजावी, गार झाल्यावर चमचाभर साखरेबरोबर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावी. सलग फिरवली तर तेल सुटून तिचा लगदा होतो. मग २०० मिलिलिटर दूध, ७५ ग्रॅम साखर, चमचाभर लोणी आणि चिमूटभर जायफळ घालून ती शिजवावी. चमचा ओढल्यावर भांड्याचा तळ क्षणभर उघडा राहू लागला की गॅस बंद करावा. गार होताना सारण आणखी आळते. सुका आलुबुखार किंवा जर्दाळू मात्र बेताच्या पाण्यात मऊ शिजवून, साखर घालून घोटले की झाले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा कोणत्याही सुकामेव्याच्या दुकानात जर्दाळू मिळतात. ते बीवाले असतील तर भिजवून बिया आधी काढाव्यात. चुनाचे, म्हणजे ओले खोबरे आणि गुळाचे सारण मीही भरते. ते इतके कोरडे परतावे लागते की गूळ जवळजवळ पाक धरतो, आणि तिकडच्या कोणत्याही आजीने त्याला कोलाच म्हटले नसते.

फुगलेल्या गोळ्याचे साधारण ४५ ग्रॅमचे भाग करून ते गोल वळावेत, ट्रेमध्ये अंतर ठेवून मांडावेत, वरून वितळलेले लोणी लावून ओल्या फडक्याने झाकावेत. पुन्हा फुगल्याशिवाय खळगा करू नये. बोटाने दाबल्यावर खूण हळूहळू भरू लागली की वेळ आली असे समजावे. चटकन भरली तर अजून थांबावे. त्यानंतर मैद्यात बुडवलेल्या लहान पेल्याच्या तळाने किंवा दोन्ही हातांच्या बोटांनी मध्यभाग ट्रेला टेकेपर्यंत दाबावा आणि भोवती एक सेंटिमीटरची कड सोडावी. नवशिक्यांचे कोलाच बहुधा इथेच फसतात: दाबताना हात राखला की भट्टीत तळ वर येतो आणि सारण बाजूला ढकलले जाते. खळग्यात एक मोठा चमचा सारण भरून वर ५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम साखर आणि ३० ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळून केलेला भुगा भुरभुरावा. हा भुगा चेक घरांत जवळपास अनिवार्य मानतात.

आधी तापवलेल्या ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत, १८० अंशांवर मधल्या खणात पंधरा मिनिटे पुरतात. कड सोनेरी झाली की बाहेर काढून लगेच तिला लोणी लावावे, म्हणजे ती मऊ राहते. ओटीजी नसेल तर गावातल्या पोदेराला, म्हणजे पाव भाजणाऱ्याला, आदल्या दिवशी विचारून ठेवावे. उंडे आणि पोई हे पाव काढल्यावर लाकडाच्या भट्टीची धग उतरू लागते, तेव्हा ट्रे आत सरकवल्यास कोलाच उत्तम भाजतात. मात्र दहाव्या मिनिटापासून नजर हटवू नये.

कोलाच त्याच दिवशी खावेत. दमट हवेत वरचा भुगा संध्याकाळपर्यंत मऊ पडतो, तो ओटीजीमध्ये चार मिनिटे गरम केल्यास सुधारतो. पनीर भरलेले असतील तर फ्रिजमध्येच ठेवावेत. आणि घरचे कोणी दुबईला परतत असेल, तर त्याच्या सामानात खसखशीचे कोलाच चुकूनही घालू नयेत, कारण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. त्याच्यासाठी जर्दाळूचे वेगळे करावेत, आणि दोन्ही प्रकार एकाच डब्यात भरू नयेत.