एमजीबीचे मागचे पाटे बदलताय? या चुका टाळा

ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा मागचा भाग तसा साधा आहे. अखंड एक्सल, दोन बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग) आणि आर्मस्ट्राँग कंपनीचे लिव्हरवाले शॉकअब (शॉक ॲब्सॉर्बर). पाटे, बुश (जोडांत बसणाऱ्या लवचीक नळ्या), शॅकल (पाट्याचं मागचं टोक धरणारी कडी), यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे) सगळं नवं टाकलं की काम संपलं असं वाटतं. आणि मग गाडी बाहेर काढावी तर मागून उचललेली दिसते, खड्ड्यात करकरते, क्लच सोडताना खट्कन वाजते. अशा वेळी सुट्या भागांना नावं ठेवण्याआधी ते कसे कसले आहेत ते बघा.

एक्सल लोंबकळत असताना पुढचा बोल्ट कसणे

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातल्या (टोकाच्या गोल भोकातल्या) बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना कायमचं चिकटवलेलं असतं. बाहेरची नळी डोळ्यात घट्ट बसते, आतली बोल्टने ब्रॅकेटमध्ये आवळली जाते. पाटा वरखाली होताना काहीच घासत नाही, फक्त मधलं रबर पिळतं. त्यामुळे बोल्ट ज्या स्थितीत आवळाल, त्या स्थितीत रबर सैल राहतं आणि तिथून हललं की पिळतं. गाडी टांगलेली असताना आवळलात तर चाकांवर उतरल्या क्षणापासून रबर पिळलेलंच राहणार. ते मागचा भाग वर ढकलत राहतं आणि लवकरच फाटतं.

म्हणून नट हातानेच लावून ठेवा. यू-बोल्ट बसवा, चाकं चढवा, गाडी खाली उतरवा, डिकीवर जोर देऊन चार-पाच वेळा दाबा आणि मगच टॉर्क पाना (ठरावीक जोराने कसणारा) लावा. गाडीखाली शिरायला जागा नसेल तर घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) एक्सलच्या नळीखाली घ्या, म्हणजे वजन पाट्यांवरच राहील. मागच्या शॅकलचे नटही तेव्हाच कसा.

काम आधीच उरकलं असेल तर गाडी जमिनीवर ठेवून दोन्ही पुढचे बोल्ट सैल करा आणि मागून दाबा. मागचा भाग खाली बसला तर दोष सापडला. न बसल्यास पाटा कोणता आलाय ते तपासा. १९७४ च्या अखेरीस रबरी बंपर आले तेव्हा गाडीची उंचीही वाढवली गेली, त्यामुळे त्या मॉडेलचा पाटा क्रोम बंपरवाल्या गाडीला चालत नाही. जीटी (बंद छताची) आणि रोडस्टर (उघडी) यांच्या पाट्यांतही फरक असतो. ऑर्डर देताना चॅसी नंबर आणि एक्सलचा प्रकार दोन्ही सांगा. नवे पाटे थोडं चालल्यावर बसतात, तेव्हा पहिल्याच दिवशी उंची मोजून घाबरू नका. मात्र पाटे बदलायचे ते जोडीनेच.

पॉलीयुरेथेनचे बुश घातले असतील तर हा नियम तितका कडक नाही, कारण ते नळीवर फिरतात. त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं, नाहीतर करकर ठरलेलीच. रबरी बुशला मात्र साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. बसवताना साबणाचं पाणी पुरतं.

यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट

पाट्याच्या वर आणि खाली रबरी पॅड येतात. सेंटर बोल्टचं (पाट्याच्या पट्ट्या मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं आपल्या भोकात नीट बसलं नाही तर एक्सल किंचित तिरकी राहते आणि गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते. कसण्याआधी पुढच्या बोल्टपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा, ते सारखं यायला हवं. एका बाजूचे चारही नट आळीपाळीने थोडे थोडे फिरवा. पाना हातात आहे म्हणून दाबत सुटलात तर पॅड चेपून बाहेर येतं. जुने ताणलेले यू-बोल्ट परत वापरण्यात काटकसर नाही.

शॉकअबमधली हवा

रिपेअर करून आलेला शॉकअब आडवा पडून राहिला असेल तर आत हवा शिरते. गाडीला लावण्याआधी व्हाइसमध्ये उभा धरून लिव्हर सावकाश, पूर्ण वरखाली करा. मध्येच पोकळ लागत असेल तर शॉकअबचंच तेल घाला आणि पोकळपणा जाईपर्यंत चालू ठेवा. इंजिन ऑइल नको, ब्रेक ऑइल तर नकोच. हेच काम गाडीवर बसवल्यानंतर करायचं म्हणजे डोकेदुखी.

काढताना

घोड्या चॅसीखाली, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या पुढे लावा आणि जॅक डिफरेन्शियलखाली ठेवा. शॉकअबच्या लिंक (लिव्हर एक्सलला जोडणाऱ्या दांड्या) आणि एक्सल धरून ठेवणारे पट्टे सुटले की एक्सल खाली येते आणि ब्रेकचा रबरी होज ताणला जातो, म्हणून जॅक काढू नका. तडे गेलेले पट्टे याच वेळी बदलून टाका.

पुढचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून चिकटलेला असतो. आदल्या दिवशीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. तरी न सुटल्यास कापा. गॅसची ज्योत नको, पेट्रोलची टाकी तिथेच मागे आहे.

आणि पाने इंचाचे घ्या. आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजात मिलिमीटरचा सेट असतो. अर्ध्या इंची नटावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या नटावर जोर दिला की कोपरे गोल होतात. आटेही युएनएफ (इंची मापाचे बारीक आटे) असतात, मिलिमीटरचा नट दाबून चढवू नका.

साधारण दीडशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासा. पॅड दबलेले असतात, त्यामुळे नट थोडे फिरतात. त्यानंतरही क्लच सोडताना खट् वाजत असेल तर आधी पुढचा बुश पाहा, बारीक खडखड असेल तर शॉकअबची लिंक.